धार आणि तोल

दुपारची निजानीज झाली म्हणजे गल्लीतून धार लावणाऱ्याची आरोळी ऐकू येते. सायकल उभी करून तो पायडल मारू लागतो, दांडीपाशी बसवलेला दगड गरगर फिरू लागतो आणि घराघरांतून सुऱ्या, कात्र्या, विळीची पाती, क्वचित एखादा अडकित्ता बाहेर येतो. ठिणग्या उडतात, तो अंगठ्याच्या नखावर धार पारखतो, पैसे घेतो आणि पुढच्या गल्लीकडे वळतो. त्याच्या कामात उणे काढण्यासारखे काही नसते. सुरी हातात धरून वापरायची वस्तू आहे; तिचे टोक रतीभर जड झाले काय किंवा मूठ हलकी झाली काय, हात तेवढे सांभाळून घेतो. हाताच्या हत्याराला धार आली की ते तयार झाले, हा आपल्याकडचा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे, आणि तो खराही आहे.

पण अलीकडे या दगडापाशी एक निराळे पाते येऊ लागले आहे. हिरवळ कापण्याच्या यंत्राखाली आडवे फिरणारे, हातभर लांबीचे, दोन्ही टोकांना थोडथोडी धार असलेले असे हे पोलादी पट्टीचे पाते असते. सोसायटीच्या बागेतला माळी ते सोडवून आणतो, दोन्ही टोकांना लखलखीत धार लावून घेतो आणि पुन्हा बसवतो. यंत्र सुरू करताच मात्र त्याच्या ध्यानात येते की काही तरी बिघडले आहे. गवत कापले जाते, पूर्वीपेक्षा चांगले कापले जाते. परंतु यंत्र थरथरू लागलेले असते. अर्ध्या तासात त्याच्या तळहातांना मुंग्या येतात. आठवड्याभरात दांड्याचे स्क्रू ढिले होतात. दोष धारेचा नसतो. धार लावताना पात्याचा जो तोल गेला, त्याचा असतो. आणि तो गेला हे पाते नुसते हातात धरून कोणालाही सांगता आले नसते.

मोठ्या बंगल्यासमोरची कातरलेली हिरवळ ही इंग्रजांची हौस. तिचे यंत्रही इंग्लंडातच जन्मले. ग्लॉस्टरशर परगण्यातील स्ट्राउड या गावाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव सारखी कातरून काढण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. कापडाची लव जर अशी कातरता येते, तर जमिनीवरची का येऊ नये, असा विचार करून एडविन बियर्ड बडिंग या कारागिराने १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. तोवर हिरवळ कापायची म्हणजे लांब दांड्याचे विळे चालवणाऱ्या मजुरांची रांग लागे. बडिंगचे यंत्र दंडगोलाचे होते. पिळदार पाती बसवलेला दंडगोल फिरे आणि खालच्या स्थिर पट्टीवर गवत दाबून कात्रीप्रमाणे कापी. पुढे मोठी यंत्रे घोडे ओढू लागले. टापांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्यांच्या पायांत चामड्याचे जोडे चढवीत. आपल्याकडे साहेबांच्या बंगल्यांतून तेच काम बैल करीत. क्रिकेटची खेळपट्टी आणि गोल्फची मैदाने आजही दंडगोलाच्या यंत्रानेच कापतात, कारण त्याच्या कापणीची सफाई दुसऱ्या कशाला येत नाही.

आडव्या फिरत्या पात्याचे यंत्र सर्वसामान्यांच्या अंगणात आले ते विसाव्या शतकात, आणि त्याचा मोठा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या कॉनकॉर्ड या उपनगरात मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ साली आपल्या घरच्या आवारात असे एक यंत्र जुळवले. पेट्रोलच्या टाकीसाठी त्यांनी पीच फळांचा रिकामा डबा वापरला होता. त्यांच्या नावातल्या ‘व्हिक्टर’वरून त्या यंत्राला ‘व्हिक्टा’ हे नाव पडले, आणि काही वर्षांतच ते ऑस्ट्रेलियाच्या घराघरांत जाऊन पोहोचले.

दंडगोलाचे यंत्र आणि हे यंत्र यांत दिसण्याचा फरक आहेच, पण खरा फरक कापण्याच्या रीतीत आहे. शेतकरी विळ्याने गवत कापतो तेव्हा डाव्या हाताने मूठ धरतो आणि उजव्या हाताने विळा ओढतो. धरणारा हात नसेल तर गवत नुसते वाकेल. दंडगोलाच्या यंत्रात धरणाऱ्या हाताचे काम खालची स्थिर पट्टी करते. आडव्या पात्याला मात्र असा कोणताच आधार नाही. त्याच्यासमोर गवताची काडी मोकळी उभी असते, आणि तिला वाकायला सवड मिळण्याच्या आत ती तोडावी लागते. म्हणजे धरणाऱ्या हाताची जागा येथे वेगाने घेतली आहे. हे पाते मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते. पाते बावन्न सेंटीमीटर लांबीचे धरले तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ८२ मीटर, म्हणजे ताशी २९० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असते. अमेरिकेतील सुरक्षेच्या मानकांनी तर या टोकाच्या गतीला मिनिटाला १९,००० फूट अशी वरची मर्यादाच घालून दिली आहे. वेग कमी केला तर तोलाची चिंता राहणार नाही हे खरे. पण मग गवतही कापले जाणार नाही.

आता हे पाते बोथट का होते आणि धार लावताना काय घडते ते पाहू. आपल्याकडच्या हिरवळीत बहुधा हरळी असते. गणपतीला वाहायच्या दूर्वा त्या हिच्याच. शेतकरी जिला उपटता उपटता थकतो तिलाच बागेत नळीने पाणी घालतात, हा एक गमतीचाच भाग. गवताच्या अंगात वाळूच्याच जातीचा, सिलिकेचा अंश असतो. त्यात उन्हाळ्यातली धूळ, मातीचे खडे, झाडांची मुळे, कोणी टाकलेले बाटलीचे झाकण यांची भर पडते. धार गेली की पाते गवत कापण्याऐवजी तोडू-फाडू लागते, आणि दोन दिवसांनी हिरवळीवर फिकट पांढुरकी छटा दिसते. ती फाटलेल्या शेंड्यांची असते.

धार लावणे म्हणजे धातू काढून टाकणे. त्याशिवाय धार येतच नाही. दोन्ही टोकांवरून सारखाच धातू निघाला तर हरकत नसते, पण तसे क्वचितच होते. समजा, एका टोकाला दगड लागून कडेला एक खाच पडली आहे. ती खाच जाईपर्यंत घासावे लागते. दुसऱ्या टोकाला तेवढे घासण्याचे कारण नसते. धारेची लांबी दहा सेंटीमीटर आणि पात्याची जाडी साडेतीन मिलिमीटर असेल, तर एका टोकाची कड दुसऱ्यापेक्षा अवघी एक मिलिमीटर मागे सरली म्हणजे जवळजवळ पावणेतीन ग्रॅम पोलाद जास्त गेले. पावणेतीन ग्रॅम म्हणजे आजच्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही कमी वजन. सहाशे ग्रॅमच्या पात्यात एवढ्याशा फरकाने काय होणार, असे कोणालाही वाटेल.

काय होते ते तीन वस्तूंकडे पाहून कळते. तिन्हींमध्ये मध्यापासून पंचवीस सेंटीमीटरांवर, एका बाजूला दहा ग्रॅम वजन जास्त आहे असे धरून चालू. पहिली वस्तू म्हणजे घरचे जाते. जात्याला टाकी लावणारी बाई छिन्नीने दगड टवकारते तेव्हा दोन बाजूंनी मोजून कपचे उडवीत नाही. जाते मिनिटाला चाळीस फेरे फिरले तर ते दहा ग्रॅम बाहेरच्या बाजूला साडेचार ग्रॅम वजनाइतकी ओढ लावतात. दळणाऱ्या बाईला ते जाणवण्याचा प्रश्नच नाही. दुसरी वस्तू छताचा पंखा. तो मिनिटाला साडेतीनशे फेरे घेतो असे समजल्यास तीच ओढ सुमारे ३४० ग्रॅमची होते, आणि पंखा डुलू लागतो. पंख्याची पाती कारखान्यातून वजनाने जुळवून, तिन्ही मिळून एकत्र देतात ती एवढ्याचसाठी. एका पंख्याचे पाते दुसऱ्याला लावू नये असे जुने विजेचे कारागीर बजावतात त्यातही हेच तथ्य आहे. तिसरी वस्तू आपल्या यंत्राचे पाते. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना त्याच दहा ग्रॅमची ओढ पंचवीस किलो वजनाइतकी होते. एका ग्रॅमला अडीच किलो.

वेग वाढला म्हणून ओढ वाढली हे उघड आहे, पण ती एवढी वाढावी हे सहज पटत नाही. गोफण फिरवलेल्या माणसाला त्यातले इंगित ठाऊक असते. धोंडा तोच, दोरी तीच. पण दुप्पट वेगाने फिरवली तर मनगटाला बसणारी ओढ दुप्पट न होता चौपट होते, तिप्पट वेगाला नऊपट. ओढ ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी लंबकाच्या घड्याळावरील आपल्या ग्रंथाच्या शेवटी १६७३ साली हा नियम मांडला. जात्यापासून पात्यापर्यंत वेग पंचाहत्तर पट वाढला. ओढ वाढली ती पाच हजार सहाशे पटींहून अधिक.

फिरते पाते म्हणजे एकाच मुठीत धरलेल्या, परस्परविरुद्ध दिशांना ताणलेल्या दोन गोफणी होत. सहाशे ग्रॅमच्या पात्याचा प्रत्येक अर्धा भाग मध्याला सुमारे चारशे किलोच्या जोराने आपल्याकडे ओढत असतो. दोन्ही ओढी सारख्या असल्या म्हणजे एकमेकींना पुऱ्या पडतात आणि मधल्या दांड्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. त्याला जाणवतो तो फक्त त्यांतला फरक. पण तो फरक एका जागी स्थिर नसतो. पाते जसे फिरते तशी त्याची दिशाही फिरते, आणि सेकंदाला पन्नास वेळा दांडा चहूंकडे हिसडला जातो. पंचवीस किलोंचे गाठोडे दांड्याला टांगून ठेवले तर तो मुकाट्याने सोसेल. सेकंदाला पन्नास हिसडे त्याला सोसत नाहीत. प्रथम बेअरिंग झिजते, तेलाची कड गळू लागते, पत्र्याच्या आवरणाला बोल्टाच्या भोकापासून बारीक चीर जाऊ लागते. आणि यंत्राआधी कित्येकदा माणूस झिजतो. कंप पावणारी हत्यारे वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात, बारीक वस्तू त्यांच्या चिमटीत राहत नाही. हा विकार वैद्यकाला चांगला परिचित आहे, आणि तो एकदा पुरता जडला म्हणजे सहसा मागे फिरत नाही. मालकाच्या बागेत महिन्यातून दोन तास यंत्र चालत असेल. रोज पाच आवारांची हिरवळ कापणाऱ्या माळ्याचे हात मात्र दिवसभर त्याच दांड्यावर असतात.

तोल कितीही साधला तरी तो अगदी काटेकोर साधत नाही, हे मोठमोठ्या यंत्रशास्त्रज्ञांनाही मान्य करावे लागले आहे. दुधातून साय वेगळी करण्याचे यंत्र करणारे स्वीडनचे गुस्ताफ द लावाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेवर फिरणारी छोटी टर्बाइन तयार केली. तिचे चाक मिनिटाला तीस हजारांपर्यंत फेरे घेई. त्या वेगाला आपले ते दहा ग्रॅम अडीच हजार किलोंची ओढ लावतील. एवढा तोल साधणे अशक्य हे ओळखून द लावाल यांनी उलटाच उपाय केला. चाकाचा दांडा जाड करण्याऐवजी बारीक आणि लवचीक ठेवला. एका ठरावीक वेगाच्या पलीकडे गेले की असा दांडा किंचित वाकतो आणि चाक आपला खरा मध्य आपणच शोधून त्याभोवती शांतपणे फिरू लागते. युक्ती मोठी सुंदर होती. परंतु हिरवळीच्या यंत्राला तिचा उपयोग नाही. दगडधोंड्यांशी गाठ असलेला त्याचा दांडा आखूड आणि जाडच असावा लागतो, आणि पात्यातली चूक तो जशीच्या तशी बेअरिंगवर सोपवतो.

तेव्हा तोल हातानेच साधला पाहिजे. सुदैवाने हे पाते पातळ आहे. मोटारीचे चाक रुंद असल्याने त्याचा तोल आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही कडांना पाहावा लागतो आणि तेही ते फिरवून. पातळ पात्याचा तोल ते स्थिर असतानाच पाहिला तरी भागते. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकांतही हेच साधे उपाय सांगितलेले असतात. खटकते ते एवढेच की त्या पुस्तिका यंत्राच्या मालकाच्या कपाटात असतात आणि पाते माळ्याच्या हातात.

पहिले काम आहे ते प्लगची तार काढून बाजूला बांधण्याचे; विजेचे यंत्र असल्यास बटण बंद करून पिन काढण्याचे किंवा बॅटरी बाहेर घेण्याचे. पेट्रोलच्या इंजिनावर पाते थेट बसवलेले असते. बंद इंजिन हाताने अर्धा फेरा फिरवले तरी ते कधी कधी चालू होण्याइतकी ठिणगी देते, आणि मग बोटे वाचत नाहीत. यंत्र आडवे करताना हवेची गाळणी वरच्या बाजूला राहील असे करावे, म्हणजे तेल तिच्यात उतरत नाही. पाते सोडवण्यापूर्वी त्याच्या जमिनीकडच्या अंगावर खडूने खूण करून ठेवली तर पुढची एक चूक टळते.

मग पाते खरवडून पुसून काढावे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तोलाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वाळलेल्या गवताची खपली चार-पाच ग्रॅमची सहज असते. खपलीसकट साधलेला तोल म्हणजे मापात गूळ चिकटलेल्या तराजूने केलेले वजन. पहिल्या पाच मिनिटांत खपली उडून जाते आणि तोलही तिच्याबरोबर जातो.

स्वच्छ झाल्यावर पाते नीट न्याहाळावे, आणि धारेपेक्षा त्याच्या पाठीकडे अधिक पाहावे. टोकांच्या मागच्या कडा वर वळवलेल्या असतात. पंख्याच्या पात्याप्रमाणे वारा उचलून आडवे झालेले गवत उभे करणे हे त्यांचे काम. जेथून ही कड वळते तेथेच वाळूच्या माऱ्याने पोलाद झिजत झिजत कागदासारखे होते. तेथे चीर दिसली, पत्रा पातळ लागला किंवा पाते वाकलेले आढळले, तर त्याला धार लावण्याच्या भानगडीत न पडता ते मोडीत टाकावे. चारशे किलोंचा ताण सोसणाऱ्या पट्टीत चीर ठेवणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. वाकलेले पाते ठोकून सरळ करणे हाही खोटा काटकसरीपणा आहे, कारण ठोकल्याने पोलादाच्या अंगात न दिसणारी चीर पडू शकते.

धार कानशीने लावली तर सर्वांत बरे. मूळचा जो उतार असेल, बहुधा तीस अंशांच्या आसपास, तोच राखून एकाच दिशेने कानस चालवावी आणि हात मोजून दोन्ही टोकांना सारखेच द्यावे. फिरत्या दगडावर काम झटपट होते खरे, पण जोर अधिक झाला तर कडेवर निळी झाक येते. निळी झाक याचा अर्थ तेथले पोलाद तीनशे अंशांच्या घरात तापले आणि त्याचे पाणी उतरले. ती कड लवकरच पुन्हा बोथट होणार. धार सुरीसारखी वस्तऱ्याच्या जातीची करण्याचेही कारण नाही. पावाला लोणी लावण्याच्या सुरीइतकी ती असली तरी वेग बाकीचे काम करतो, आणि पातळ धार पहिल्याच खड्याला दुमडते.

आता तोल. भिंतीत किंवा दाराच्या चौकटीत एक गुळगुळीत, सरळ खिळा ठोकावा आणि पात्याच्या मधल्या भोकात तो घालून पाते आडवे धरावे. हात सोडताच जे टोक खाली जाईल ते जड. दहा ग्रॅमचा फरक असला तर ते टोक थेट जमिनीकडे वळते. एका ग्रॅमचा फरक मात्र खिळ्याच्या घर्षणात लपून राहू शकतो, म्हणून बोटाने हळूच टिचकी देऊन पाहावे. जड टोकाला खडूची खूण करून पाते खाली घ्यावे, त्याची पाठ भिंतीकडे करून पुन्हा अडकवावे. याही वेळी तेच टोक खाली आले तर निकाल खरा. दुसरे आले तर दोष खिळ्याचा किंवा भोकाचा आहे असे समजावे. काही पात्यांचे भोक चांदणीच्या आकाराचे असते. त्यांत खिळा कोपऱ्यात अडकून फसवतो. अशा पात्यांसाठी शंकूच्या आकाराचे एक छोटे साधन बाजारात मिळते. शंकू भोकात बसला की मध्य आपोआप सापडतो आणि पाते एका टोकदार आधारावर तराजूच्या दांडीसारखे राहते. भोकच झिजून लांबोडके झाले असेल तर मात्र कोणतेही साधन उपयोगाचे नाही. सहाशे ग्रॅमचे पाते मध्यापासून एक मिलिमीटर सरकून बसले तरी सहा किलोंची ओढ निर्माण होते, मग तोल कितीही अचूक साधलेला असो.

जड बाजूवरून थोडे थोडे काढीत जावे. धारेच्या उतारावरून किंवा टोकाच्या बोथट कडेवरून. वळवलेल्या पाठीला कानस लावू नये, ती आधीच झिजलेली असते. पाच-सहा हात कानस चालवावी, पुन्हा खिळ्यावर पाहावे. हे काम चिकाटीचे आहे, आणि शेवटच्या टप्प्यात एखादा हात जास्त झाल्याने दुसरीच बाजू जड होणे हेही नवीन माणसाच्या नशिबी ठरलेलेच. काढून टाकण्याऐवजी हलक्या बाजूला काही जोडावे असे येथे अनेकांना सुचते. मोटारीच्या चाकाला शिशाची किंवा जस्ताची चकती लावतात, मग पात्याला वायसर चिकटवला तर काय बिघडले? मोटार ताशी शंभर किलोमीटर धावताना तिचे चाक मिनिटाला नऊशे फेऱ्यांच्या आतबाहेर फिरते. पाते त्याच्या तिप्पटीहून जास्त. पाच ग्रॅमचा वायसर पात्याच्या टोकापासून साडेबारा किलोंच्या जोराने सुटण्याची धडपड करीत असतो, आणि सुटला की ताशी २८०-२९० किलोमीटर वेगाने कोणाच्या तरी नडगीकडे निघतो. सांधण, लुकण, तार यांपैकी कशावरही तेथे भरवसा ठेवता येत नाही.

व्हिक्टासारख्या यंत्रांत हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आहे. त्यांत एका तबकडीच्या कडेला छोटी पाती सैल बोल्टांवर बसवलेली असतात; दगड लागला की ती मागे झुलतात. धार जाऊन बोथट झाली की त्यांना घासत न बसता सगळी एकदम बदलतात. चारांपैकी एकच नवे बसवले तर तोल गेलाच म्हणून समजावे, कारण तीन झिजलेल्यांच्या जोडीला एक पुरते वजनदार आले. एवढा मोडलेला एकच बदलून पैसे वाचवण्याचा मोह तिथेही होतोच.

पाते परत बसवताना वळवलेल्या कडा वरच्या आवरणाकडे राहतील असे पाहावे. खडूची खूण येथे उपयोगी पडते. उलटे बसवलेले पाते गवताला नुसते झोडपते आणि धार लावणाऱ्याला उगीच दोष लागतो. पाते आपल्या बैठकीत सपाट बसले आहे ना, खाली मातीचा कण तर राहिला नाही ना, हे पाहून बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावा. हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट ढिलाही असतो आणि फाजील घट्टही. मग यंत्र सपाट फरशीवर ठेवून पाते हाताने सावकाश फिरवावे आणि प्रत्येक टोक फरशीपासून किती उंचावर येते ते एकाच जागी मोजावे. दोहोंत तीन मिलिमीटरांहून जास्त फरक आला तर पाते किंवा इंजिनाचा दांडा वाकलेला आहे. ही गोष्ट तोलाहून निराळी, पण थरथर तशीच. कित्येक जण पात्याला दोष देऊन ते पुन्हा पुन्हा घासत राहतात आणि वाकलेला दांडा तसाच फिरत राहतो.

अमेरिकेत १९८२ सालापासून, मागे चालत ढकलायच्या नव्या यंत्रांना असे बंधन आले की हातातली कळ सोडली म्हणजे पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे. त्या नियमाने पुष्कळ बोटे वाचली असतील. थरथरीला मात्र असा कायदा लावता येत नाही. यंत्र कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्याचा तोल बरोबरच असतो. तो जातो पुढे केव्हा तरी, धार लावणाऱ्याच्या दगडावर.

सगळे झाल्यावर प्लगची तार जोडावी, यंत्र मोकळ्या जागी, माणसे व मुले दूर असताना सुरू करावे आणि दोन मिनिटे गवत न कापता नुसते चालू द्यावे. दांड्यावर हात सैल ठेवला म्हणजे इंजिनाची एकसारखी गुणगुण तळव्याला जाणवते. तिच्यात ठोका किंवा लाट नसावी. मग यंत्र बंद करावे, तार पुन्हा काढावी आणि पात्याचा बोल्ट आणखी एकदा पान्याने पाहावा.